शिशाची अक्षरं आणि दांडीवाली बंदूक

किसनभाऊंची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना जखमी समजले म्हणून.

सावली तालुक्यातल्या त्या गावात मी उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले होते. पहिलाच रविवार. गॅसवर चहा ठेवला होता आणि गावामागच्या बोडीकडून बंदुकीचा बार ऐकू आला. थोड्या वेळानं दुसरा. मी वर्ध्याकडची, या भागातल्या नक्षल्यांच्या बातम्या वाचूनच इथे आलेली. मला जे वाटायचं तेच वाटलं. गॅस बंद केला, ड्रेसिंगची पेटी उचलली आणि निघाले. शेजारच्या शेवंताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठी चालल्या सिस्टर? थे किसनभाऊ होत. आज आयतवार हाये नं."

मी तरीही गेले. बोडी म्हणजे धानासाठी पाणी धरणारं लहानसं तळं. उन्हाळ्याच्या तोंडावर ती आटली होती. अलीकडच्या काठावर कोंड्याच्या पोत्यावर एक वाळका म्हातारा पालथा पडलेला. मी धावले. तो उठून बसला, दोरीनं बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि पलीकडच्या मातीच्या पाळीवर खोचलेल्या एका कागदाकडे चालू लागला.

"लागलं का हो कुणाला?" मी मागून ओरडले.

"लागलं का नाई, थेच तं पाहून राह्यलो," तो म्हणाला.

तो कागद लग्नपत्रिका होती. वरच्या भागातला गणपती कात्रीनं नीट कापून काढलेला. उरलेल्या मजकुरात वधूच्या मामाच्या नावाशेजारी एक भोक, आणि जेवणाच्या वेळेच्या खाली दुसरं. त्यांनी दोन्ही भोकांवर भिंग धरलं, मग वीतभर अंतर बोटांनी मोजलं आणि तोंड वाकडं केलं. "मामा वाचला," म्हणाले, "पण जेवण सांडलं."

किसनभाऊंचा मूल या गावी छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ठेवायच्या केसेस, आणि तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका. मग संगणकावरच्या रंगीत पत्रिका आल्या, बोर्डाच्या जागी फ्लेक्स आले आणि छापखाना बसला. मशीन भंगारात गेलं. खिळे मात्र त्यांनी भंगारवाल्याला दिले नाहीत. बैलगाडीतून गावी आणले आणि धानाच्या कोठीशेजारी रचून ठेवले. कुणी न नेलेल्या, कोऱ्या आणि छापलेल्या पत्रिकांचे गठ्ठेही आले. त्यांवर नेम धरायला कुणाची हरकत नव्हती, फक्त गणपतीवर बार काढायचा नाही एवढा त्यांचा नियम होता. कापलेले गणपती एका डब्यात साठवलेले असत आणि दर अनंत चतुर्दशीला ते बोडीत शिरवले जात.

बंदूक वडिलांची. वडील जुन्या काळी शिकारी कंपनीच्या कॅम्पवर हाकारे करणाऱ्यांचे मुकादम होते. शिकार बंद झाली तेव्हा जाताना मालकानं ती त्यांना दिली, रीतसर परवान्यावर चढवून. वडिलांमागे परवाना किसनभाऊंच्या नावावर आला, पीक राखायचा म्हणून. घोड्याखाली एक दांडी, ती खाली-वर केली की रिकामं कवच टणकन उडतं आणि खालच्या नळीतून पुढचं काडतूस वर येतं. गावात तिला दांडीवाली बंदूकच म्हणत. तिची काडतुसं मिळणं कधीच बंद झालं होतं. चंद्रपूरच्या दुकानदारानं तिच्याकडे पाहून हात जोडले होते. म्हणून भाऊ जुनी पितळी कवचं पुन्हा भरायचे. परवान्यावर मिळेल तेवढी दारू, मिळतील तेवढ्या बार पेटवणाऱ्या टोप्या, आणि गोळी घरी ओतलेली.

गोळी ओततानाचे किसनभाऊ बघण्यासारखे असत. अंगणात चूल, चुलीवर लोखंडी पळी, आणि तोंडाला ओला पंचा. मी जवळ गेले की हातानं लांब सारत. "धूर तुमच्यासाठी नाई, सिस्टर. माया तं जन्म गेला शिशात." आधी त्यांनी मासे धरायच्या जाळ्यांना लावतात ते शिसं वितळवलं होतं. ते मऊ पडलं. नळीला आतून चिकटायचं, आणि गोळी कागदाला आडवी जाऊन लागायची. भोक गोल न पडता लांबट पडायचं. पुष्कळ दिवस डोकं खाजवल्यावर त्यांना कोठीशेजारच्या केसेस आठवल्या. खिळ्यांचं शिसं कडक असतं. त्यात ते मिसळलं आणि भोकं गोल पडू लागली.

मग प्रश्न आला की आधी कोणतं अक्षर वितळवायचं. हा प्रश्न त्यांना खरोखर पडला होता. सुरुवात 'ङ'पासून केली. "त्याले कोण इचारते? तीस वर्सं केसीत पडून होता, एकाही लग्नाले नाई गेला." मग 'ञ', मग दीर्घ 'ॠ'. त्यानंतर जोडाक्षरं. गावातली पोरं चेष्टा करत, "भाऊ, आज कोण गेला?" आणि भाऊ गंभीरपणे सांगत, "आज 'ष' गेला बिचारा, पोटफोड्या." गोळी पाळीत शिरली की ते तांदळाची चाळणी घेऊन माती चाळत, शिसं वेचत आणि पुन्हा पळीत टाकत. तेच शिसं फिरून फिरून नळीतून जायचं.

गोळीचं नाक ते कानशीनं चपटं करत. मी विचारलं, टोकदार असली तर जास्त चांगली लागणार नाही का. त्यांनी समजावलं की खालच्या नळीत काडतुसं एकामागं एक बसतात, पुढच्याच्या बुडाशी मागच्याचं नाक. टोक असलं तर हिसक्यानं तिथेच टोपी फुटेल आणि बंदूक हातातच उडेल. "रेशनच्या लाइनीत मागच्यानं कोपर नाई मारलं पायजे, तसं हाये हे."

पण त्यांचं तपासणं बंदुकीपुरतं नव्हतं. किराण्यातून काडीपेटी घेतली की दुकानातच एक काडी ओढत. दुकानदार चिडायचा, काडी घेणाऱ्याचीच जायची, तरी चिडायचा. चैत्रातल्या उन्हात छत्री उघडून मिटून पाहत. उपकेंद्रात आले की बीपीचं मशीन आधी माझ्या दंडाला लावायला सांगत. "तुमचं बराबर दाखोलं तं माया पाहा." आणि सापाच्या लशीची तारीख. ती तर मला पाठच झाली होती. दर महिन्याला येऊन फ्रिजसमोर उभे राहत आणि म्हणत, "तारीख पाह्यली का?" मी दाखवली तरी चष्मा चढवून स्वतः वाचत.

माझा नंबर घेतला त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. एक रिंग वाजायची आणि बंद. पहिल्या आठवड्यात मी उलटा फोन करून विचारलं, काही काम होतं का. "नाई नाई. फोन चालू हाये का पाह्यलो." मी म्हटलं, मग उचलेपर्यंत थांबत जा, दोन शब्द बोलू. "बोलाचं काय त्यात? वाजला म्हंजे झालं." एवढं बोलून पुन्हा बंद. पुढे मला त्या एका रिंगेची इतकी सवय झाली की ती वाजल्याशिवाय मी चहा गाळत नसे. एकट्या माणसाला एकट्या माणसाचं कळतं, पण आम्ही दोघांनीही ते कधी म्हटलं नाही.

या सगळ्यामागचं कारण गावाला माहीत होतं, मला नव्हतं. ते त्यांनीच सांगितलं, एकदा पळी चुलीवर असताना, शिशावरची मळी काढता काढता.

वडील गेले तेव्हा बंदुकीबरोबर तीन काडतुसं मागे राहिली. कारखान्यातली, अस्सल. बाजारात ती पुन्हा मिळणार नव्हती, म्हणून भाऊंनी जपली. पितळी डब्यात, कापराच्या वड्यांबरोबर. दर दसऱ्याला डबा उघडायचा, तिन्ही काडतुसं बंदुकीजवळ मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार, आणि पुन्हा डब्यात. अनसूयाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या काडतुसांना ओवाळायच्यासुद्धा.

"येवढे दसरे पूजले, पण एक बार नाई काढला," भाऊ म्हणाले. "वापरलं तं संपन, हे भेव."

मोहाचे दिवस होते. मोहफुलं पहाटे गळतात, म्हणून बाया उजाडताना जातात. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची ओळच आहे आणि पलीकडे नाला, नाल्यापलीकडे जंगल. अनसूयाबाई टोपली घेऊन म्हणाल्या, येता का? हे चहा पीत होते. म्हणाले, हो पुढं, मी येतो. मग आरडाओरडा ऐकू आला. यांनी बंदूक घेतली, डबा घेतला, धावले. वाघ नाल्याच्या अंगाच्या शेवटच्या झाडाखाली होता आणि बाई त्याच्या पुढ्यात होत्या. यांनी हवेत धरून घोडा दाबला. नुसतं टिक. दांडी ओढली, दुसरं. टिक. तिसरं.

"टिक," भाऊ म्हणाले, आणि पळी चुलीवरून उतरवून बाजूला ठेवली.

मागून माणसं ओरडत आली तेव्हा वाघ उठून गेला. तोवर फार उशीर झाला होता. बार झाला असता तर वाघ आधी उठला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. त्यांनीही मला तसं विचारलं नाही. फक्त म्हणाले, "ठेवलेलं कामाचं नसते सिस्टर. तपासलेलं कामाचं असते."

तेव्हापासून गावात एक रीत पडली होती. मोहाच्या दिवसांत बाया धुऱ्याशी येऊन थांबत. भाऊ पुढे जात, हवेत एक बार काढत, आणि मगच बाया झाडाखाली शिरत. वाटेत भेटल्या की एकमेकींना "बार झाला का?" असं विचारत, जसं आपण नळ आला का म्हणून विचारतो. नाल्याकडच्या शेवटच्या झाडाखाली मात्र कुणी वेचत नसे. तिथली फुलं तशीच सडून जात आणि त्यांचा आंबूस वास दुपारपर्यंत यायचा.

त्या एका बारासाठी वर्षभर रविवारची तपासणी चालायची. जेवढी काडतुसं भरत त्यातली निम्मी बोडीवर फोडत आणि निम्मी मोहासाठी ठेवत. मुलगी बल्लारपूरला, जावई कागद कारखान्यात. ती येऊन रडून जायची, बाबा चला म्हणून. "बल्लारपुरात मोह कुठी हाये?" एवढंच त्यांचं उत्तर.

एका रविवारी मी न राहवून बोलले. पत्रिकेवर पाच भोकं एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ पडली होती आणि भाऊ कधी नव्हे ते खूश होते. मी म्हटलं, "भाऊ, एक सांगू? जे फुटलं ते फुटलं, ते गेलं. तुम्ही मोहाला नेणार ते उरलेलं. ते तर तपासलेलं नाहीच."

मला वाटलं हसतील. ते कोंड्याच्या पोत्यावर बसले. रिकामं कवच हातात फिरवत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "थेच तं झोपू देत नाई मले."

मी दुसरं काही तरी बोलायला लागले, नेम किती छान झाला वगैरे. त्यांनी हातानं थांबवलं. "नाई, बराबर हाये तुमचं. मले मायीत हाये. पण मंग आयतवारी करू काय, सांगा." मी चाळणी उचलली. आम्ही दोघांनी मिळून माती चाळली आणि शिसं वेचून घरी आलो.

पुढच्या चैत्रात निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहतात. यंदा जमा करायची तारीख नेमकी मोह गळायला लागला तेव्हाची. भाऊंनी मला बरोबर नेलं, शिकलेलं माणूस सोबत असावं म्हणून. मी काय बोलणार होते कोण जाणे.

ठाणेदार भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"साहेब, मोह होईस्तोवर राहू द्या," भाऊ म्हणाले. "मंग मी खुद आणून देतो."

"भाऊ, एकाले सोडलं तं साऱ्याइले सोडा लागते. आचारसंहिता हाये."

"थे मानसाले. वाघाले आचारसंहिता नाई समजत."

ठाणेदार हसला, पण मान नकारार्थी हलवलीच. भाऊंनी बंदूक टेबलावर ठेवली. दांडी एकदा ओढून, नळी रिकामी दाखवून, हवालदाराला म्हणाले, "कोरड्यात ठेवजा बाबू." परत येताना एसटीत ते खिडकीशी बसले. त्यांचे हात मांडीवर होते, जणू अजून बंदूक आडवी धरली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिंग आली नाही. मी दारात गेले तर भाऊंच्या अंगणातून ठणाणा आवाज येत होता. बघते तर छापखान्यातली गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायचा तो लोखंडी ट्रे, त्यांनी दोरीनं गळ्यात अडकवला होता आणि खिळे ठोकून बसवायच्या लाकडी हातोड्यानं ते तो बडवत होते. थांबून ऐकत, पुन्हा बडवत. आवाज असा होता की गावातली कुत्री पळाली.

"पाहा सिस्टर," ते म्हणाले. चेहरा घामानं डबडबलेला. "हे कितीक तपासा, खर्च नाई होत."

आणि पुन्हा एकदा वाजवून दाखवलं. इतक्या वर्षांचा घोळ असा घरातल्याच गॅलीनं सोडवला होता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

बायांना बार हवा होता. शेवंताबाई म्हणाल्या, "थाळी वाजवून वाघ पळते का? माया सासऱ्यानं तं ढोल वाजोला होता, तरी नाई हालला." पण दुसरं काही नव्हतं. मग भाऊंनी नवी रीत घातली. आधी गॅली वाजवत ते सगळ्या ओळीतून फिरायचे. बाया शिरल्या की मध्ये उभं राहून थोड्या थोड्या वेळानं एक ठोका द्यायचे, आणि प्रत्येकीनं आपल्या झाडाखालून "हाव" म्हणायचं. एकीचा जरी आवाज आला नाही तरी सगळ्यांनी ओरडत तिकडे धावायचं. पहिल्या दिवशी बाया लाजल्या. चार दिवसांनी "हाव" म्हणण्यात सूर लागू लागला. वाघ त्या दिवसांत फिरत होताच, नाल्याच्या रेतीत पाय उमटलेले सगळ्यांनी पाहिले. पण त्या मोहाला कुणाच्या अंगाला ओरखडा आला नाही.

निकाल लागला. ठाण्यातून निरोप आला, बंदूक घेऊन जा. भाऊ गेले नाहीत. दुसरा निरोप आला तेव्हा म्हणाले, "राहू द्या तिथीच. इथी कोनाले झोप येते तिच्यानं?" उरलेल्या अक्षरांचं शिसं त्यांनी ओतून मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांना वाटून टाकलं. रविवारी बोडीवर सामसूम झाली. मला तर सुरुवातीला करमेना.

नंतरच्या पावसाळ्यात माझी बदली झाली. तिथेही रोज सकाळी एक रिंग यायची. एका सकाळी आली नाही. मी फोन लावला, तो त्यांच्या मुलीनं उचलला. ती काही बोलायच्या आधीच मला समजलं होतं.

मोहाच्या ओळीत मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र निघायच्या आधीच्या चैत्रात, एका सकाळी. शेवंताबाईंनी आग्रह केला म्हणून मीही टोपली घेऊन गेले होते. पालापाचोळा जाळल्याचा धूर जमिनीलगत पसरला होता आणि फुलं पडल्याचा बारीक आवाज चहूकडून येत होता. भाऊ ओळीच्या मध्ये उभे होते, गळ्यात गॅली. त्यांनी ठोका दिला. "हाव," शेवंताबाई ओरडल्या. "हाव." "हाव." धुरातून एकेक आवाज येत गेला. माझी पाळी आली, मीही ओरडले. भाऊ बोटं मिटत होते. सगळ्या झाल्या.

मग ते वळले, नाल्याकडच्या शेवटच्या झाडाकडे तोंड केलं आणि आणखी एक ठोका दिला, हलका. बाया वेचायच्या थांबल्या. त्यांना हे रोजचं असावं. भाऊ कान देऊन उभे राहिले. मग हातोडा खाली केला आणि म्हणाले, "चाला, वेचा."